ओटा तोडण्याआधी: स्वयंपाकघराचं वायरिंग नव्याने करताना

आमच्या जुन्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात एकच सॉकेट होतं. त्यात एक एक्स्टेन्शन बोर्ड कायमचा खोचलेला, आणि त्या बोर्डावर सगळा संसार. गौरी जेवणाच्या दिवशी इंडक्शनवर कटाची आमटी, किटलीत पाणी आणि मिक्सरमध्ये चटणी असं एकदम चालू असताना पुरणाच्या वासात जळक्या प्लॅस्टिकचा वास मिसळला. मेन बंद करून प्लग काढला, तर पिना काळ्या पडलेल्या आणि सॉकेटची भोकं वितळून वाकडी झालेली.

एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, मात्र पडला नव्हता. का पडला नाही, हे वायरमनदादांनी डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडल्यावर कळलं. स्वयंपाकघराला दीडची वायर होती, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी. पूर्वी कधीतरी 'एमसीबी सारखा पडतो' अशी तक्रार झाली असणार आणि कोणीतरी मोठा एमसीबी बसवून ती मिटवली होती. दीडची वायर पाईपमधून नेली की साधारण १३-१४ अँपिअर पेलते. आमचा त्या दिवशीचा भार होता २००० अधिक १५०० अधिक ७५०, म्हणजे ४२५० वॅट. २३० व्होल्टने भागलं की साडेअठरा अँपिअर. भिंतीतली वायर तापत होती, आणि जो एमसीबी तिच्यासाठी बसवला होता तो ३२ ची वाट बघत होता.

पुढच्या वर्षी ओटा, टाइल्स, ट्रॉल्या सगळंच बदलायचं ठरलं तेव्हा मी वायरिंगपासून सुरुवात केली. पहिल्यांदाच घराचं काम काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं हेच आहे, की ग्रॅनाइटचा रंग आणि ट्रॉल्यांचं लॅमिनेट नंतर निवडा, आधी विजेचे पॉइंट कागदावर पक्के करा. टाइल लागल्यावर एक सॉकेट वाढवायचं म्हटलं तरी टाइल फोडावी लागते, आणि तीच टाइल दोन वर्षांनी दुकानात मिळेल याचा भरवसा नसतो.

तुमचं काम आणि वायरमनचं काम

हे वाचून स्वतः जोडण्या करायला बसू नका. विजेच्या सुरक्षेसंबंधी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आहेत, आणि त्यांनुसार असं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. सरकारी मराठीत वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात. परवाना विचारायला संकोच करू नका. चांगला कारागीर तो आनंदाने दाखवतो, आणि काम संपल्यावर चाचणी अहवालही देतो.

तुमचं काम आहे ठरवणं, मोजणं, प्रत्येक टप्प्यावर बघणं आणि फोटो काढून ठेवणं. हे चौथं काम लोक विसरतात.

मजुरी बहुतेक ठिकाणी पॉइंटच्या हिशोबाने ठरते आणि माल वेगळा असतो. पॉइंट म्हणजे नेमकं काय हे सुरुवातीलाच लिहून घ्या. एक स्विच आणि एक सॉकेट मिळून एक पॉइंट, की दोन? खाचा मारणं त्यात आलं का? खाचा बुजवायच्या कोणी, वायरमनने की गवंड्याने? राडारोडा कोण उचलणार? भांडणं विजेवरून कमी आणि या चार प्रश्नांवरून जास्त होतात.

पहिली पायरी: उपकरणांची यादी

एक वही घ्या आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक उपकरणाच्या मागची पट्टी वाचून वॅट लिहा. जी वस्तू अजून घेतलेली नाही पण पाच वर्षांत येऊ शकते, तीही लिहा. माझ्या यादीत हे आलं: इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १२००, किटली १५००, ओटीजी १५००, मिक्सर ७५०, फ्रीज २००, सिंकखालचा छोटा इन्स्टंट गीझर ३०००, आणि 'पुढे कधीतरी' म्हणून डिशवॉशर २०००. बेरीज १२,१५० वॅट.

मायक्रोवेव्हबाबत एक खुलासा. खोक्यावर ७०० किंवा ८०० वॅट लिहिलेलं असतं ती पदार्थाला मिळणारी शक्ती. भिंतीतून तो त्याहून बराच जास्त भार ओढतो, म्हणून मागच्या पट्टीवरचा 'इनपुट'चा आकडा घ्या. घरघंटी असेल तर तीही यादीत हवी. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ७४६ वॅट, पण चालू होताना ती क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते.

सगळी उपकरणं एका वेळी चालत नाहीत, हे खरं. म्हणून दुसऱ्या पानावर तुमच्या घरातली सर्वांत धावपळीची वेळ लिहा. आमच्याकडे सकाळी साडेसहा ते साडेसात. गीझर, किटली, मायक्रोवेव्ह, मिक्सर आणि फ्रीज मिळून ६६५० वॅट, म्हणजे जवळजवळ २९ अँपिअर. हा भार पूर्वी एका दीडच्या वायरीवर होता. हा आकडा वहीत दिसला तेव्हा मला वितळलेल्या सॉकेटचं नवल वाटेनासं झालं.

मीटरपासून घरापर्यंतची वायर

स्वयंपाकघर कितीही छान केलं, तरी वीज येते ती मीटर रूममधून. वीजबिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, तो बघा. तुमची गरज त्याहून जास्त असेल तर महावितरणकडे, किंवा मुंबईत जी कंपनी तुम्हाला वीज देते तिच्याकडे, भार वाढवण्याचा अर्ज करा. अर्जाला वेळ लागतो, म्हणून तो तोडफोडीच्या आधी द्या. मीटरच्या सीलला कंपनीचा माणूसच हात लावतो. वायरमन 'मी करून देतो' म्हणाला तरी नको.

मग मीटरपासून घरातल्या डीबीपर्यंत आलेली मेन वायर किती जाडीची आहे ते वायरमनकडून बघून घ्या. जुन्या इमारतींत ती चारची असते, क्वचित ॲल्युमिनियमची. ४० अँपिअरचा मेन ठेवायचा तर तांब्याची १० चौरस मिलिमीटर हवी. ही वायर सोसायटीच्या जिन्यातल्या डक्टमधून येत असल्याने बदलायला कमिटीची परवानगी लागते. काम सुरू करण्याच्या पत्रातच तेही मागून घ्या.

आणि अर्थिंग. जुन्या वाड्यांत आणि चाळींत कित्येकदा दोनच वायरी असतात, वीज आणणारी फेज आणि परत नेणारा न्यूट्रल. गळलेली वीज जमिनीत नेणारी तिसरी, अर्थची, नसतेच. फ्लॅटमध्ये अर्थ वायर दिसते, पण ती खाली खरोखर जमिनीत पोचली आहे का हे मोजूनच कळतं. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं हातातलं यंत्र, लावल्यावर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये फार तर दोन-तीन. स्क्रूड्रायव्हरसारख्या निऑन टेस्टरने फक्त फेज कळते, अर्थिंगबद्दल तो काहीच सांगत नाही. अर्थ नसेल तर सॉकेटमध्ये न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनेला जोडून देणारे कारागीर आहेत. हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रीजच्या पत्र्यात थेट २३० व्होल्ट येतात. नळाच्या पाईपला अर्थ जोडणंही तितकंच घातक.

दुसरी पायरी: सर्किटांची वाटणी

सर्किट म्हणजे डीबीतल्या एका एमसीबीपासून निघून काही ठरावीक पॉइंटपर्यंत जाणारी स्वतंत्र वायर. स्वयंपाकघराला एकच सर्किट देणं ही जुनी पद्धत आता चालत नाही. आम्ही अशी वाटणी केली.

दिवे, चिमणी आणि एक्झॉस्ट फॅन मिळून एक. दीडची वायर, ६ अँपिअरचा एमसीबी.

ओट्याच्या डाव्या बाजूची सॉकेट एकावर, उजव्या बाजूची दुसऱ्यावर. दोन्हींना अडीचची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी. यामुळे इंडक्शन एका बाजूला आणि किटली दुसऱ्या बाजूला चालते. एका सर्किटवर १६ अँपिअरची दोनपेक्षा जास्त सॉकेट घेऊ नका. वायरमन 'ताई, लूप मारून तिसरं देतो की' म्हणतात, आणि त्यांचं मीटरभर वायर वाचवणं बरोबरही वाटतं. पण तिसरं सॉकेट दिसलं की त्यात तिसरं उपकरण जातंच.

फ्रीज आणि पाण्याचा फिल्टर तिसऱ्यावर. गीझर चौथ्यावर. ३००० वॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो. अडीचच्या वायरीवर तो बसतो, पण रोज सलग चालणारं उपकरण आहे म्हणून आम्ही चारची टाकली. ४५०० वॅटचा गीझर असेल तर गोष्ट बदलते. तो साडेएकोणीस अँपिअर ओढतो आणि १६ च्या सॉकेटवर लावताच येत नाही. त्याला सहाची वायर, २५ चा एमसीबी आणि थेट डीपी स्विचवर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या स्विचवर, जोडणी हवी. भिंतीत बसणारा मोठा ओव्हन घेणार असाल तर त्यालाही असंच स्वतंत्र सर्किट. ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनला आणि होऊ घातलेल्या डिशवॉशरला प्रत्येकी एक.

एमसीबी वायरीच्या जाडीवरून ठरतो, उपकरणाच्या मागणीवरून नव्हे. अडीचची वायर पाईपमध्ये साधारण १८ ते २० अँपिअर पेलते, म्हणून तिच्यावर १६. चारची २४-२५ पेलते, म्हणून तिच्यावर २०. पुढे कधी एमसीबी पडू लागला, तर तो मोठा करायचा नाही, भार कमी करायचा. आमच्या जुन्या घरात नेमकं उलटं झालं होतं. मोटर असलेल्या उपकरणांसाठी 'सी' प्रकारचा एमसीबी मागा. सुरुवातीचा क्षणिक झटका तो सोसतो, घरघंटी लावताच पडत नाही.

आता आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे तो कुठेतरी, कदाचित कोणाच्या तरी शरीरातून, जमिनीत चालला आहे. हा फरक ३० मिलिअँपिअर होण्याच्या आत तो सगळं तोडतो. ओले हात, स्टीलचं सिंक आणि ओली फरशी असलेल्या खोलीत याला पर्याय नाही. पण जास्त भार तो ओळखत नाही, त्यामुळे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. दोन्ही कामं एकात करणाऱ्या उपकरणाला आरसीबीओ म्हणतात. फ्रीजसाठी मी वेगळा आरसीबीओ घेतला. गीझरच्या कॉइलमध्ये गळती झाली आणि आरसीसीबी पडला, तर आपण गावाला असताना फ्रीज बंद पडून आतलं सगळं नासू नये एवढ्यासाठी.

आरसीसीबी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात तो सारखा पडतो आणि वायरमन 'हा खराब आहे, काढून टाकू' म्हणतो, असं अनेक घरांत घडतं. बहुतेक वेळा दोष आरसीसीबीचा नसतो. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल दिलेला असतो. एका वाटेने गेलेला करंट दुसऱ्या वाटेने परततो आणि हिशोब जुळत नाही. म्हणून नव्या कामात प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल स्वतंत्रपणे डीबीपर्यंत न्यायचा. हे वाक्य ठेकेदाराच्या कागदावर लिहून घ्या.

एवढी सर्किटं मावतील असा डीबी हवा, आणि दोन-तीन जागा रिकाम्या सोडलेला. जागा पुरत नाही म्हणून एका एमसीबीखाली दोन वायरी कोंबणं ही सुरुवातच चुकीची.

तिसरी पायरी: पॉइंट कुठे हवा

या कामाला मी एक अख्खा रविवार दिला. नकाशावर आर्किटेक्टने किंवा ट्रॉलीवाल्याने टाकलेल्या खुणा पुरेशा नसतात. घरात ज्यांचे हात ओट्यावर चालतात त्यांना जुन्या ओट्यापाशी उभं करा आणि विचारा, मिक्सर कुठे ठेवता? कणीक कुठे मळता? चहाचं पातेलं उतरवून कुठे ठेवता? आमच्या सासूबाई डावखुऱ्या. मिक्सर सिंकच्या उजवीकडे दाखवला होता, तो त्यांनी पाहताक्षणी डावीकडे न्यायला लावला. ट्रॉलीवाल्याला हे कळणं शक्यच नव्हतं.

खडूने भिंतीवर खुणा करा. ओट्याची उंची साधारण ३४ इंच असते, आणि बोर्डाची खालची कड ओट्यापासून ८ ते १० इंच वर असली की मिक्सरची वायर लोंबत नाही आणि पाणीही उडत नाही. माप मात्र नव्या फरशीपासून घ्या. जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवणार असाल तर जमीन दीड-दोन इंच वर येते, ओटाही वर सरकतो, आणि आधी बसवलेला बोर्ड ग्रॅनाइटला टेकतो. गवंडी, सुतार आणि वायरमन या तिघांना मिळून भिंतीवर पक्क्या जमिनीपासून बरोबर एक मीटरवर एक आडवी रेघ मारून घ्यायला सांगा. तिघांची सगळी मापं त्या रेघेपासून.

ओट्यावर सिंकच्या कडेपासून दोन-अडीच फुटांच्या आत सॉकेट नको. शेगडीच्या वर किंवा मागे तर अजिबात नको. फोडणीचं तेल उडतं आणि स्विच बंद करायला जळत्या कढईवरून हात न्यावा लागतो.

गॅसबद्दल जरा थांबून सांगते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो खाली, ओट्याखालच्या कप्प्यात साठतो. म्हणून जिथे सिलिंडर ठेवता त्या कप्प्यात सॉकेट, स्विच काहीच ठेवायचं नाही. स्विच दाबताना आत ठिणगी पडते. पाईपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो वर छताकडे जातो. दोन्ही बाबतींत गॅसचा वास आला तर दिवा किंवा एक्झॉस्टचं बटण चालू-बंद न करता आधी गॅस बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, मुलांनासुद्धा.

सिंकखाली गीझर किंवा फिल्टरसाठी सॉकेट लागतंच. तिथे एक साधी युक्ती वापरा: सॉकेट खाली, स्विच वर. स्विच ओट्याच्या वर हाताशी असला की पाणी गळत असताना खाली वाकून ओल्या जागेत हात घालावा लागत नाही. ते खालचं सॉकेट तळापासून दीड फूट तरी उंच घ्या आणि पाण्याच्या पाईपच्या वर ठेवा, खाली नको. डिशवॉशरचं सॉकेट मशीनच्या मागे न घेता शेजारच्या कप्प्यात घ्या. मागे घेतलं तर प्लग काढण्यासाठी अख्खं मशीन ओढावं लागेल, शिवाय प्लगच्या जाडीमुळे ते दोन-तीन इंच पुढे येईल. फ्रीजचंही तसंच, बाजूला आणि हात पोचेल असं.

चिमणीचा पॉइंट सात फुटांच्या आसपास, पण मधोमध नको. मधून सहा इंचांचा धुराचा पाईप जातो. तो जिथे जाणार त्या जागेपासून बाजूला, चिमणीच्या पत्र्याच्या कव्हरखाली झाकला जाईल असा घ्या. वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावणार असाल तर तिचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज देणारी छोटी डबी, उघडता येईल अशा जागी ठेवा. तो पाच-सहा वर्षांत बदलावा लागतो.

एक जादा पॉइंट डायनिंगच्या बाजूला १६ अँपिअरचा ठेवा. दिवाळीचा फराळ, सणाचं जेवण, पाहुणे, अशा दिवशी एक इंडक्शन बाहेर काढावं लागतं. एरवी तो रिकामा राहील, राहू दे.

बोर्डाची बॉक्स निवडताना मोजा. साधारणपणे मॉड्युलर सॉकेट दोन मॉड्यूलची जागा घेतं आणि स्विच एक. दोन सॉकेट आणि त्यांचे दोन स्विच म्हणजे सहा मॉड्यूल. त्यात मोबाईलसाठी काही हवं असेल तर आठची बॉक्स घ्या. आणि प्रत्येक सॉकेटला स्वतःचा स्विच हवा.

चौथी पायरी: भिंत

खाचा मारायच्या आधी भिंत कशाची आहे ते विचारा. विटांची असेल तर कटरने दोन समांतर रेघा मारून मधला भाग छन्नीने काढतात. गेल्या काही वर्षांतल्या अनेक उंच इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात सलग काँक्रीट ओतून बांधल्या आहेत. तिथे भिंतच सळयांची आणि भार वाहणारी असते. तिला खाच मारायची नाही. कॉलम आणि बीमलाही नाही, इमारत कोणतीही असो. अशा ठिकाणी पाईप फॉल्स सीलिंगमधून आणि ट्रॉल्यांच्या मागून पृष्ठभागावर न्या. थोडं कमी सुंदर दिसेल, चालेल.

चार इंची भिंतीत लांब आडवी खाच मारू देऊ नका, भिंत कमजोर होते. पाईप छताजवळून आडवे न्यायचे आणि प्रत्येक बोर्डाशी सरळ उभे खाली उतरवायचे. याचा फायदा पुढची वीस वर्षं मिळतो. कोणी खिळा किंवा हूक मारायला आलं, की बोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, एवढं सांगितलं की पुरतं. फरशीखालून पाईप न्यायला वायरमन उत्सुक असतात, कारण वायर कमी लागते. स्वयंपाकघरात आणि ड्राय बाल्कनीत मी त्याला ठाम नकार दिला. तिथे पाणी मुरतं.

पाईप २५ मिलिमीटरचा आणि आयएसआय खुणेचा घ्या, मध्यम किंवा जाड प्रतीचा. आत वायरींनी निम्म्याहून कमी जागा व्यापली पाहिजे. काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या गोलाईचा बेंड वापरला की वायर सहज सरकते. बॉक्स बसवताना ती टाइलच्या पृष्ठभागाशी समपातळीत यावी म्हणून प्लास्टरच्या १२-१५ मिलिमीटर बाहेर ठेवायची. ही गोष्ट शेकडो स्वयंपाकघरांत चुकते. बॉक्स आत राहते, मग लांब स्क्रू लावून प्लेट कशीबशी टेकवतात आणि ती कायम हलत राहते. बॉक्समध्ये थर्माकोल किंवा कागद ठासून भरा, नाहीतर गवंडी तिच्यात सिमेंट भरून मोकळा होतो. खाचेवर बारीक जाळी ठोकून मगच प्लास्टर, म्हणजे तिथे तडा जात नाही.

प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो. फोटोत मोजपट्टी दिसू द्या, एक आडवी आणि एक उभी.

पाचवी पायरी: वायर

वायर स्वतः दुकानात जाऊन, बिल घेऊन विकत घ्या. गुंडाळी ९० मीटरची असते. तिच्यावर आयएसआय खूण आणि 'आयएस ६९४' हे मानक असतं, आणि जाडी व कंपनीचं नाव वायरीच्या अंगावर ठरावीक अंतराने छापलेलं असतं. स्वयंपाकघरासाठी कमी धूर करणारी एफआरएलएस प्रकारची वायर घ्या. साध्या पीव्हीसीपेक्षा थोडी महाग पडते, पण आग लागली तर धूरच आधी माणसाला गुदमरवतो.

अंदाज असा काढा. आमचा डीबी मुख्य दाराशी. तिथून छतावरून ओट्याच्या बोर्डापर्यंत साधारण १२ मीटर. अडीचची चार सर्किटं म्हणजे ४८ मीटर लाल, तेवढीच काळी, तेवढीच हिरवी. प्रत्येक रंगाची एकेक गुंडाळी आणली आणि उरलेली हॉलच्या कामाला लागली. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी किंवा हिरवी-पिवळी. 'काळी संपली, तिथे निळी टाकली' असं ऐकलं तर काम थांबवा आणि काळी आणा. दहा वर्षांनी दुसरा वायरमन तो बोर्ड उघडेल तेव्हा त्याचा जीव त्या रंगावर अवलंबून असेल.

अर्थची वायर बारीक टाकायची सवय सर्रास आहे. अडीचच्या सर्किटला अर्थही अडीचचीच, चारच्या सर्किटला चारचीच हवी.

वायर ओढायची ती प्लास्टर सुकल्यावर आणि टाइल लागण्याआधी. कुठे पाईप दबला असेल किंवा आत सिमेंट गेलं असेल तर तो इथेच कळतो, आणि अजून भिंत उघडता येते. पाईपच्या आत जोड अजिबात नको. जोड असलाच तर बॉक्समध्ये, दिसेल असा.

काम चालू असताना जुन्या स्वयंपाकघराचं सर्किट डीबीतूनच सोडवून ठेवा आणि डीबीवर 'काम चालू, हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवा. टाइल कापायची मशीन पाण्यासोबत चालते. तिला आरसीसीबी असलेल्या पॉइंटवरूनच वीज द्या, उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचून नाही. कारागीर कोणाचे तरी आई-बाप, मुलं आहेत आणि ते आपल्या घरात उभे आहेत.

सहावी पायरी: तपासणी

स्विच-सॉकेट बसवायच्या आधी वायरमनला मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावायला सांगा. ५०० व्होल्टवर फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला रोध किमान एक मेगाओम यायला हवा. नव्या वायरिंगमध्ये तो याहून पुष्कळ जास्त येतो. कमी आला तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे, आणि ती शोधायची वेळ हीच.

सॉकेट बसल्यावर प्रत्येकात बघून घ्या. समोरून पाहताना वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा, तो खटकन पडला पाहिजे. मग एका दिवशी सकाळची धावपळ मुद्दाम करून बघा. गीझर, किटली, इंडक्शन, मिक्सर सगळं लावा, इंडक्शन अर्धा तास चालू राहू द्या. मग डीबी न उघडता त्याला बाहेरून आणि प्रत्येक प्लेटला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल, गरम नको. एखादी प्लेट गरम लागली तर आतला स्क्रू ढिला आहे. सर्किट बंद करून वायरमनकडून लगेच कसून घ्या. आमच्याकडे एक असा निघाला, फ्रीजच्या शेजारचा.

डीबीतल्या प्रत्येक एमसीबीखाली मराठीत ठळक नाव चिकटवा: 'ओटा डावा', 'ओटा उजवा', 'फ्रीज', 'गीझर'. अंधारात मोबाईलच्या उजेडात सासूबाईंनाही वाचता आलं पाहिजे. चाचणी अहवाल आणि भिंतींच्या फोटोंच्या प्रिंट एका पाकिटात घालून डीबीच्या शेजारच्या कपाटात ठेवा. आरसीसीबीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आम्ही ते संकष्टीला करतो, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.